बांध्यांच्या धुऱ्यावरून, बालीत

कृषी केंद्रवाल्याला परदेश दिसतो तो कंपनीच्या स्कीममुळे. एवढ्या पेट्या उचला, बँकॉक. त्याच्या दुप्पट उचला, दुबई. आमच्या लाखांदूर तालुक्यातल्या काही दुकानदारांनी मुंबई धड पाहिलेली नाही, पण पटाया त्यांना पाठ आहे. यंदा माझ्या दुकानातून तुडतुड्याचं, म्हणजे धानावरच्या किडीचं, औषध जोरात गेलं, टार्गेट पूर्ण झालं, आणि फेब्रुवारीत उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपता आटोपता बालीचं तिकीट हातात पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही.

कंपनीच्या टूरमध्ये काय असतं ते वेगळं सांगायला नको. सगळ्या विदर्भातले दुकानदार, बॅगांमध्ये चिवडा आणि ठेचा, एका भंडाऱ्याच्या गड्यानं तर चिन्नोरचे तांदूळ घेतले होते, तेही भाताच्याच देशात जाताना. बालीच्या विमानतळावर व्हिसाचे पाच लाख आणि पर्यटक कराचे दीड लाख रुपिया भरताना सगळ्यांचे चेहरे पडले. आपला एक रुपया म्हणजे तिथले एकशे ऐंशीच्या वर रुपिया, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. मग बीच, मग देऊळ, मग कंपनीच्या मॅनेजरचं भाषण, ज्यात पुढच्या हंगामाचे आकडे होतेच.

एक दिवस मोकळा दिला होता. बहुतेक मंडळी तांजुंग बेनोआला पॅराशूटला लटकायला गेली. मला पाण्याचं आकर्षण नाही, तलावाच्या पाळीवर लहानाचा मोठा झालो. हॉटेलच्या काउंटरवर एक कागद ठेवलेला होता: किंतामानीहून उबुदपर्यंत माउंटन बाइक, उतार, गाइड, नाश्ता, जेवण, नेणं-आणणं, साडेपाच लाख रुपिया. मी तो यवतमाळकडच्या भाऊंना दाखवला.

"साडेपाच लाख? सायकल चालवाचे?"

"रुपिया आहे जी. आपले तीन हजाराच्या आत."

"तरी बी. आपल्या इकडं पोट्ट्याले सायकल चालव म्हटलं तं तो मोटरसायकल मागते, अन् तुम्ही तीन हजार देऊन सायकल चालवून रायले."

पण आले. सोबत आर्वीचे काका आले, साठीचे, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इथवर आलो आहे तर मॉल पाहून काय करू, मॉल नागपुरातही आहे.

सकाळी साडेसहाला गाडी आली. किंतामानीपर्यंत दोन तासांच्या वर लागतात आणि चढ संपत नाही. पनेलोकान नावाच्या जागी गाडी थांबते, तिथं मोठ्या ज्वालामुखीच्या कडेवर हॉटेलं आहेत. केळ्याची भजी आणि काळा चहा समोर, आणि खाली ते सगळं. एका प्रचंड खड्ड्यात, त्याला कुंडच म्हणावं, दुसरा डोंगर उगवलेला: बातूर, १,७१७ मीटर. त्याच्या अंगावर काळ्या लाव्ह्याचे पट्टे आजही दिसतात. बाजूला बातूर सरोवर, बालीतलं सगळ्यात मोठं. १९२६ च्या स्फोटात खाली वसलेलं बातूर गाव लाव्ह्याखाली गेलं, तेव्हा लोकांनी गावासकट देऊळही वर कडेवर आणलं. पुरा उलुन दानू बातूर हे ते देऊळ, सरोवराच्या देवीचं, देवी दानूचं. या सरोवराला वरून कुठं वाट नाही, एकही नदी त्यातून निघत नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या उतारावर झरे होऊन निघतं. मी तलावाच्या गावचा माणूस असल्यानं चहा थंड होईपर्यंत गाइडला याच्यावरच प्रश्न विचारत राहिलो. भाऊ तोपर्यंत माझी भजीही खाऊन मोकळे.

गाइड तिशीचा, बुटका, पोटऱ्या दगडी. बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात: पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवा झाला की पुन्हा वायान. आमचा गडी तिसरा होता, एवढं सांगितलं की झालं. त्याच्याबरोबर आणखी एक पोऱ्या, सगळ्यांच्या मागं राहायला, आणि त्याच्या मागं गाडी. आमच्याशिवाय एक डच जोडपं आणि दोन ऑस्ट्रेलियन तरुण.

सायकली उतरवल्या. इंडोनेशियातच बनणाऱ्या पॉलिगॉनच्या होत्या, पुढं शॉकॲब्सॉर्बर, मागं सरळ दांडा, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मी हवा बघितली तर टायर मऊ. आमच्या चौकातला पंक्चरवाला टायर दगडासारखा करून देतो, नाहीतर गिऱ्हाईक नाराज होतं. इथं गाइडनं अंगठ्यानं दाबून मुद्दाम थोडी आणखी सोडली. मऊ टायर दगडावर, मुळीवर पसरतो, धरून ठेवतो. कडक टायर उडतो. हे एका मिनिटात पटलं.

मग शिकवणी. सीट खाली केली, इतकी खाली की काका म्हणाले, ही लेकराची सायकल झाली. उतारावर सीटवर बसायचंच नाही. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल, बूड मागं. ब्रेकवर एकच बोट. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण ज्यानं आयुष्यभर सळईच्या ब्रेकची काळी सायकल चालवली त्याचा हात चारही बोटांनी मूठ आवळतो. डिस्क ब्रेकला तशी मूठ आवळली तर चाक जागीच थांबतं आणि माणूस पुढं जातो. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात ब्रेक नाही. आणि नजर चाकावर नाही, पंधरा-वीस फूट पुढं. जिकडं बघाल तिकडंच सायकल जाईल, खड्ड्याकडं बघितलं तर खड्ड्यात.

काकांनी हेल्मेट टोपीवरच चढवलं. गाइडनं हात जोडून टोपी काढायला लावली.

सुटलो तिथं उंची हजार-अकराशे मीटर असेल, म्हणजे आपला चिखलदरा. शेवट उबुदजवळ, दोन-अडीचशे मीटरवर. म्हणजे पूर्ण दिवस घरंगळत खाली यायचं. पहिले काही किलोमीटर गावातला डांबरी रस्ता. थंड हवा, हातांना गार लागत होतं, आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. हो, संत्री. किंतामानीत संत्र्याच्या सावलीत कॉफी लावतात, दोन्ही पिकं एकाच वावरात. आर्वीच्या काकांच्या घरची संत्र्याची बाग आहे, ते तिथंच ब्रेक मारून उभे. झाडाची साल खरवडून पाहिली, बुडाशी माती उकरली, डिंक्या रोग कुठं दिसतो का ते बघितलं. ऑस्ट्रेलियन पोरांना वाटलं काकांना काही त्रास होतोय. "कॉफीचं अंतरपीक आपल्याकडं का जमत नाही?" असं त्यांनी मला विचारलं. आर्वीच्या उन्हाळ्यात कॉफी भाजायला वेगळी भट्टी लागणार नाही, असं भाऊ म्हणाले.

कॉफीच्या मळ्यावर एक थांबा ठरलेलाच असतो, तो मला आवडला नाही. उदमांजराला कॉफीची फळं खायला घालायची, त्याच्या विष्ठेतल्या बिया धुऊन भाजायच्या आणि सोन्याच्या भावानं विकायच्या, ही ती लुवाक कॉफी. प्राणी पिंजऱ्यात होता, दिवसाढवळ्या, आणि हा प्राणी रात्रीचा. आपल्या गावातही हा रात्री घरांच्या कवेलूंवरून पळतो. काकांनी कप हातात घेतलाच नाही. टूर घेताना हा थांबा गाळता येतो का ते आधीच विचारावं. त्या वेळात एखादी पायवाट जास्त मिळेल.

त्यानंतर डांबर सुटलं आणि खरं काम सुरू झालं. बालीच्या दक्षिण उताराची रचना अशी आहे की डोंगरावरून समुद्राकडं लांबच लांब सोंडा गेलेल्या, आणि दोन सोंडांच्या मधे खोल घळ. रस्ते सोंडेवरून, पाणी घळीतून. आम्ही बांबूच्या बनातून एका घळीत उतरलो. ओली लाल-काळी माती, वर पाचोळा, मधेच मुळ्या, दगडी पायऱ्या. इथं मला कळलं की गाइडला पैसे कशाचे देतो. तो पुढं उतरून थांबायचा आणि एका विशिष्ट दगडावर उभा राहायचा, म्हणजे आम्ही त्याच्या डावीकडून जायचं. तोंडानं काही सांगायचा नाही. भाऊ पहिल्याच उतारावर दोन्ही पाय खाली सोडून, बुटांनी जमीन खरडत आले. "डिस्क ब्रेकापेक्षा बाटाचा ब्रेक भारी," म्हणाले. काका मात्र चकित करत होते. सैल अंग, नजर पुढं, कुठंही घाई नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, वारीत घाटात चालताना असंच उतरावं लागतं, गुडघे वाकवून. मागच्याचा धक्का लागतो म्हणून अंग ताठ ठेवायचं नाही.

घळीच्या तळाशी ओढा, आणि ओढ्याच्या बाजूच्या खडकात माणूस वाकून जाईल एवढं एक भोक. त्यातून पाणी बाहेर पडत होतं. गाइड म्हणाला, हा बोगदा आहे, वरच्या बंधाऱ्यातून डोंगराच्या पोटातून इकडं पाणी आणलंय, शेतासाठी, हातानं खोदून. केव्हा खोदला? आजोबांच्या आजोबांनाही ठाऊक नाही, म्हणाला.

घळ चढून वर आलो, सायकल खांद्यावर घेऊन, आणि समोर बांध्या. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. एकीकडं चिखलणी चाललेली, शेजारच्या टप्प्यात पोपटी रोवणा, त्याच्या खाली लोंब्या वाकलेल्या. आणि वाट कुठली? धुरा, म्हणजे बांध, तीच वाट. जेमतेम फूटभर रुंद, एका बाजूला पाटाचं पाणी, दुसऱ्या बाजूला खालची बांधी, तीन-चार फूट खाली.

डच बाई उतरून चालू लागल्या. ऑस्ट्रेलियन पोरांपैकी एक जोशात सुटला आणि वीस पावलांवर पाण्यात आडवा झाला, धान मोडलं म्हणून बिचारा चिखलातूनच शेतकऱ्याची माफी मागत होता. त्या शेतकऱ्यानं हसून रोप पुन्हा सरळ लावलं.

मला मात्र त्या क्षणी कुणीतरी घरी आणून सोडल्यासारखं झालं. शाळेत असताना बाबांचा डबा मी आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडच्या बांधीवर सायकलवर न्यायचो. पाय पुरत नव्हते तेव्हा कैची मारून, नंतर दांड्यावर बसून, आणि पुढं कॅरिअरवर युरियाचं अर्धं पोतं बांधूनही. पावसाळ्यात धुरा निसरडा, मधे मधे पाणी काढायला केलेली मोरी. तिथं थांबलं की पडलं. वेग थोडा राखला तरच चाक सरळ राहतं, आणि पाण्याकडं बघायचं नाही, धुऱ्याच्या टोकाला बघायचं. गाइडनं सकाळी जे इंग्रजीत सांगितलं होतं ते आम्ही पोट्टे असताना डोक्यावर टोपली घेतलेल्या बायांना चुकवत शिकलो होतो. फरक एवढाच की तेव्हा ब्रेक नव्हते आणि पडलो तर वर मारही पडायचा. सरळ गेलो, शेवटपर्यंत, पाय न टेकवता. गाइड मागून आला आणि म्हणाला, तू प्रॅक्टिस कुठं करतोस? मी म्हटलं, धानात.

तिथून पुढचा तासभर त्यानं मला पुढं घातलं आणि आम्ही दोघं बोलत निघालो. त्याच्या वडिलांची थोडी शेती त्याच सोंडेवर आहे. त्यांच्याकडं सुबाक असते: एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची मंडळी, जिचा कारभारी म्हणजे पेकासेह, आणि जिचं स्वतःचं पाण्याचं देऊळ. पाट जिथं फुटतो तिथं आडवं लाकूड घालून त्याला खाचा पाडतात, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी खाच. कुणी रात्री उठून दार उघडायचा प्रश्नच नाही, कारण दार नाही. हजारेक वर्षं जुनी पद्धत, २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आणि या सगळ्या देवळांच्या वर, डोंगराच्या कडेला, सकाळी पाहिलेलं देवी दानूचं देऊळ.

आमच्याकडंही तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून सहा हजारांहून जास्त, बरेचसे कोहळी समाजानं बांधलेले. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारचे झाले, नाव राहिलं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. पाटकरी पाणी फिरवतो. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, रात्री कुणी उघडलं यावरून आमच्या गावात दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. हे मी गाइडला सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडंही भांडतात, पण देवळात भांडतात.

मग मी धंद्याचा प्रश्न विचारला: तुडतुडा येतो का? फोनवर फोटो दाखवला, तपकिरी तुडतुड्याचा, आमच्याकडं मावा-तुडतुडा म्हणतात तो, ज्यानं ऑक्टोबरात गोल गोल चट्टे पडून धान जळाल्यासारखं होतं. त्यानं लगेच ओळखला. वडिलांच्या तरुणपणी फार आला होता, म्हणाला. सत्तरच्या दशकात सरकारनं नवीन बियाणं दिलं आणि सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा लावा, वर्षात जास्तीत जास्त पिकं घ्या. प्रत्येक जण आपापल्या वेळी लावू लागला, त्यामुळं किड्याला बारा महिने कुठं ना कुठं कोवळं धान मिळालं. फवारण्या वाढल्या, किडा वाढला. शेवटी पुन्हा देवळाकडं आले: एका सोंडेवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, एकाच वेळी कापायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून वावर काही काळ रिकामं ठेवायचं. किडा उपाशी मरतो. हॉटेलवर येऊन मी वाचलं, तर स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं हेच कॉम्प्युटरवर मांडून दाखवलंय, की देवळाचं वेळापत्रक म्हणजे पाणी आणि कीड दोन्हींचा हिशेब आहे.

मी तिथं औषध विकून मिळालेल्या तिकिटावर आलेला माणूस. भाऊ मागून ऐकत होते. "हे दुकानात सांगू नका बाप्पा," म्हणाले.

पण आमच्याकडं हे जमेल का, हा खरा प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर सोपं वाटत नाही. आमच्या तलावाखाली एकाच तुडुमावर ज्यांची शेती आहे ते तरी एका आठवड्यात रोवणा करतात, कारण पाणी तेव्हाच सुटतं. बोअरवेलवाले मात्र मोकळे. कुणाचं उन्हाळी धान कापायला आलं असतं तेव्हा कुणाचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, तयार असतात. किड्याला सुट्टीच नाही. यात दुकानदार एकटा दोषी नाही, पण दुकानदाराला याचं वाईटही वाटत नाही, हे खरं.

दुपारी जेवण. भात, शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी म्हणजे गादो-गादो, आणि तेंपे. काकांसाठी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, कारण तिथल्या चटणीत झिंग्याची पेस्ट असते आणि ती दिसत नाही. माळकऱ्यांनी, जैनांनी हे लक्षात ठेवावं. तेंपे सोयाबीनचं असतं. उकडलेल्या सोयाबीनला बुरशी लावून त्याची वडी धरतात, केळीच्या पानात, आणि तळतात. भाऊंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसऱ्याची बशी ओढली. यवतमाळात पोत्यांनी सोयाबीन पिकतं, भाव पडला की रस्त्यावर ओततात, पण कुणाच्या ताटात दिसत नाही. "चाळीस वर्षं पिकवून रायलो, आज खाल्लं," म्हणाले.

जेवणानंतर ज्यांना पाहिजे त्यांना आठ किलोमीटर चढ होता, उबुदपर्यंत. ऑस्ट्रेलियन गेले. आम्ही तिघं गाडीत बसलो आणि पाऊस सुरू झाला, तिकडचा फेब्रुवारीचा पाऊस, आपल्या आषाढातला.

कुणी जाणार असेल तर: टूर ठरवताना नुसता 'उतार' विचारू नका, पायवाट आणि शेतातला भाग किती आहे ते विचारा, नाहीतर पंचवीस किलोमीटर डांबरावर ब्रेक दाबत येणं होतं. साधी चप्पल नको, बोटं झाकणारा बूट हवा. फुलपँट चेनमध्ये अडकते, रबर बांधा. पायात, म्हणजे पँटीला. प्रवास विमा काढताना सायकल त्यात धरली आहे का ते बघा. पोटऱ्या नाही, हाताचे पंजे दुखतात, ब्रेकनं.

घरी आल्यावर नागपुरातून एक जुनी माउंटन बाइक आणली आहे. संध्याकाळी दुकान बंद करून तलावाच्या पाळीवरून जातो, दोन पोट्टे मागं लागतात, सरकारच्या मानव विकास योजनेतल्या सायकलवरच्या शाळकरी पोरी पुढं निघून जातात. माझा विचार आहे की पावसाळ्याआधी नवेगावबांधपासून इटियाडोहपर्यंत तलावांच्या पाळी आणि शेतरस्ते जोडून एक वाट काढावी. काका आर्वीहून येतो म्हणाले आहेत.

कंपनीची पुढची स्कीम आली आहे: व्हिएतनाम. उचलायच्या मालाच्या यादीत पहिलं नाव तुडतुड्याच्याच औषधाचं आहे. भाऊंनी पूर्ण ऑर्डर टाकली, मी निम्मी. निम्म्यावर व्हिएतनाम मिळत नाही, चांदीचं नाणं मिळतं.